पाच शब्दांचं उदाहरण

कोशाच्या कार्यालयात दोनच माणसं उरली होती. एक संपादिका, आणि दुसरे मुद्रितशोधक नाना. चाळीस वर्षांची कार्डं मात्र सगळी होती, भिंतभर लाकडी खणांत, निळ्या शाईत लिहिलेली. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, प्रत्येक अर्थाला एक उदाहरण. बहुतेक कार्डं तिच्या वडिलांच्या हातची. पहिली आवृत्ती त्यांनीच काढली होती आणि दोन नियम घालून दिले होते: उदाहरण घडलेलंच हवं, आणि ते पाच शब्दांत बसायला हवं, कारण छापील रकाना अरुंद. ती गमतीनं म्हणायची, बाबांनी मला कमी मारलं, पण माझी वाक्यं फार छाटली.

सोमवारी सकाळी खणात ‘एफ्लक्स’चं कार्ड निघालं. अर्थ एक, बाहेर वाहून जाणं. अर्थ दोन, काळाचं सरणं. अर्थ तीन, लाक्षणिक. अक्षर वडिलांचं. पण कार्ड नवं करकरीत होतं, आणि वडिलांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वीच लुळा पडला होता.

“जुनं असेल, कुठेतरी दबून राहिलं असेल,” नाना म्हणाले आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचू लागले. “पिंपातलं पाणी दुपारपर्यंत वाहून गेलं.”

एक वाजता नाना पाणी प्यायला उठले तर पिंप कोरडं. तळाला केसाएवढी चीर पडली होती. दोघं हसले. नाना कोपऱ्यावरून दोन बाटल्या घेऊन आले.

मंगळवारी त्यांनी दुसरं उदाहरण वाचलं: “एक तास नकळत निघून गेला.” नानांनी दोन कप चहा ओतला, ती कप उचलायला वळली. चहा गार होता आणि वर साय धरली होती. घड्याळात तीनचे चार वाजले होते. तिच्या मनगटावरच्याही, नानांच्या मोबाइलमध्येही. या वेळी कोणी हसलं नाही.

“ताई, तिसरं आज राहू द्या,” नाना म्हणाले.

पण तिनं ते मनात वाचलं होतं. म्हाताऱ्याची वाचा हळूहळू वाहून गेली.

बुधवारी सकाळी वडिलांनी तिला हाक मारली. “अगं, ते दे ना. ते... डोळ्यांवर लावतात ते.” तिनं चष्मा दिला. मग त्यांना ‘उशी’ आठवेना, मग ‘खिडकी’. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि लाजून हसले. हात गेला तेव्हा हा माणूस म्हणाला होता, जीभ आहे ना, मग काय बिघडलं? तिनं लगेच डॉक्टरांना फोन केला, ते संध्याकाळी येतो म्हणाले. शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून ती धावतच कार्यालयात गेली.

कार्ड फाडायची तिथे पद्धत नव्हती. चुकलेलं वाक्य खोडायचं, खाली दुसरं लिहायचं, सही करायची. तिनं तिसरं उदाहरण आडव्या रेघेनं खोडलं. आता कोणाचंच काही बिघडणार नाही असं वाक्य हवं होतं, आणि घडलेलं हवं होतं. तिनं दौत उचलली, मोरीत पालथी केली. मग लेखणीत उरलेल्या शाईनं कच्च्या कागदावर लिहिलं: दौतीतली सगळी शाई मोरीत वाहून गेली.

सहा शब्द झाले.

हात सवयीचा. तिनं ‘दौतीतली’ काढून टाकलं. शाई दौतीतच असते, आणखी कुठे असणार? उरलेले पाच शब्द कार्डावर उतरवून, नानांना दाखवून तिनं सही ठोकली.

घरी पोचली तेव्हा वडील काकूंना खिडकीचे सगळे अर्थ सांगत होते. “काय गं, एवढी धापा टाकत का आलीस?” त्यांनी विचारलं. ती त्यांच्या पायाशी बसून रडली, अगदी पोटभर रडली. संध्याकाळी डॉक्टर आले, तपासून गेले, काही नाही म्हणाले.

गुरुवारी नाना दारातच उभे होते. आत यायला तयार नव्हते.

तिनं पहिला खण उघडला. पांढरा. दुसरा. पांढरा. तिनं खणामागून खण ओढले. चाळीस वर्षांची कार्डं नीट रचलेली होती, कोपरे मळलेले, आणि एकावरही अक्षर नव्हतं. मोरीची फरशी काठोकाठ निळी झाली होती.

“ताई,” नाना हळूच म्हणाले, “वाक्यात कुठली शाई म्हणालात तुम्ही?”

तिनं ‘एफ्लक्स’चं कार्ड न बघताच पिशवीत टाकलं.

रोज संध्याकाळी ती एक कार्ड घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवायची. आजही ते पलंगावर टेकून वाट बघत होते. त्यांना सांगायचं कसं? तिनं पिशवीतून ‘एफ्लक्स’चं कार्ड काढलं. तेही कोरंच होतं, दोन्ही बाजूंनी. आयुष्यभराचं काम गेलं म्हणून सांगायचं, आणि हे पुढे करायचं.

“आण इकडे, आज मी वाचतो,” वडील म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी चष्मा चढवला, कार्ड उजेडाकडे धरलं.

“एफ्लक्स,” ते खणखणीत आवाजात वाचू लागले. “पिंपातलं पाणी. बरं. एक तास. बरं. हे कोणी खोडलंय? मग शाईचं.” त्यांची नजर आणखी खाली गेली. “आणि हे शेवटचं छान साधलंय हं. बरोबर पाच शब्द. ‘लेकीची वाचा एकाएकी वाहून गेली.’”

बाबा, हे मी लिहिलेलं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

“खाली सही तुझीच ना गं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिले. कोऱ्या कार्डावर टेकलेला त्यांचा अंगठा ओल्या शाईनं निळा झाला होता.