सहा जोड चपला

नवशिक्यानं चित्रं काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावर इंटरनेटवर भरपूर सल्ला मिळतो. त्यात बापाचा उल्लेख कुठेच नसतो. म्हणून हे लिहून ठेवतो.

मी आदेश. गाव नागभीडपासून नऊ किलोमीटरवर; कौलारू घरं, धानाच्या बांध्या आणि एक तलाव. आजवर मी शाळांच्या भिंती रंगवल्या. माझा वाघ लोकांना बकरीसारखा वाटतो, पण बकरी हुबेहूब येते. फेब्रुवारीत चंद्रपूरच्या एका प्रकाशकानं मुलांच्या पुस्तकाचं काम देऊ केलं. विषय तलावातली मासेमारी. अट एकच: नमुन्याचं चित्र शनिवारपर्यंत, तेही डिजिटल.

माझी मैत्रीण निशात चंद्रपूरला तिच्या अब्बांच्या, शफीभाईंच्या, फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. तिनं आपला जुना पेन-टॅबलेट मला दिला, आणि फोनवर सल्ला.

"तीन फुकटवाले उतरव. तिन्हीत एकच चित्र काढ. ज्याच्यात हात दुखनार नाई, ते तुझं."

"अन् तिन्हीत दुखला तं?"

"तं भिंती रंगव ना. बकऱ्या वाट पाहून राह्यल्या."

चित्र मी ठरवलं: पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, चपला. आमच्याकडे जाळं घेऊन तलावात उतरणारे पाळीवर ओळीनं चपला काढून ठेवतात. बाहेर आला की ज्यानं त्यानं आपली घालायची. शेवटी एखादा जोड उरला, तर त्याचा माणूस अजून पाण्यात आहे. माणसं कोणी मोजत नाही, कारण मोजणारा स्वतःलाच मोजायला विसरतो. पाळ रिकामी, म्हणजे सगळे घरी. इतकं सोपं आहे.

बाबांच्या गटात सहा जण. म्हणून सहा जोड. शेवटचा बाबांचा: डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, तांब्याच्या तारेनं बांधलेला.

बुधवारी पहिलं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात स्टॅबिलायझर म्हणून एक सोय होती. हात कितीही थरथरला तरी रेघ गुळगुळीत येते. फक्त ती हाताच्या जरा मागून चालते, नवरीमागून करवली चालावी तशी. सहा जोड काढले, सेव्ह केलं. संध्याकाळी उघडलं तर पाच. मी वहीत लिहिलं: "वजनाला हलकं. ब्रश बरे. अन्डू (केलेलं मागं घेणं) वीसच वेळा होतं. एक जोड कमी."

गुरुवारी दुसरं. ते सुरू होताच लॅपटॉपचा पंखा मळणीयंत्रासारखा वाजायला लागला. सहा जोड काढले, बोट लावून मोजले आणि फोटो निशातला पाठवला. तिचा फोन आला.

"मस्त आहे. पन तीनच काऊन?"

"सहा पाठवले तुले."

"आदेश, मले मोजता येते."

मी पाठवलेला फोटो उघडला. तीन. पडद्यावरही तीन. जिथल्या चपला गेल्या होत्या तिथं मातीवर ओली पावलं होती, पाण्यातून येऊन चपलांपर्यंत. पावलं मी काढलीच नव्हती. तारेचा जोड जागेवर होता.

वहीत लिहिलं: "रंग उत्तम. अन्डू पन्नास वेळा. तीन जोड कमी." अक्षर जरा वाकडं आलं. वहीला स्टॅबिलायझर नसतो.

शुक्रवारी गट तलावात उतरणार होता. सकाळी बाबा जाळं खांद्यावर टाकत होते.

"बाबा, आज नका जाऊ."

"काऊन?"

"चित्र बरोबर येऊन नाई राह्यलं."

याहून बरं कारण मला सुचलं नाही. बाबा हसले. "तं तू चित्र काढ ना बापा. मासोळ्या मी काढतो."

तिसरं सॉफ्टवेअर फोनवरचं. बोटानं काढायचं, अन्डूला मर्यादा नाही. दुपारपर्यंत सहा जोड झाले. मग मी नजर हटवायची नाही असं ठरवलं. माणसाला पापण्या असतात हे विसरलो होतो.

पापणी मिटली. चार.

पुन्हा मिटली. एक.

तारेचा.

निशातनं शिकवलं होतं की चित्रात काही खटकलं की ते आरशासारखं उलटवून पाहायचं, चूक लगेच दिसते. मी उलटवायचं बटण दाबलं. तार उजव्या चपलेवर गेली. जोड एकच राहिला.

तेव्हा मला एक विचार फार शहाणपणाचा वाटला. पाळ रिकामी, म्हणजे सगळे घरी. मी खोडरबर घेतलं आणि तो जोड पुसून टाकला.

मग अनवाणीच पळालो.

वाटेत गट भेटला. पुढं हेमराजभाऊ, हातात मासोळ्यांची टोपली. पाच जण.

"बाबा कुठी आहेत?"

"ते तं कवाचे गेले घरी."

"कोनं पाह्यलं?"

"पाहाचं काय त्यात? पाळीवर चपला नाई."

मी धावत पाळीवर चढलो. मागून तेही आले. पाळीवर खरंच काही नव्हतं, पाच जणांची ओली पावलं तेवढी. पाणी पट्टीनं रेघ मारल्यासारखं सरळ होतं.

"मनसारामभाऊ!" हेमराजभाऊंनी बाबांना हाक मारली. मग टोपली खाली ठेवली.

मी फोन काढला. अन्डू दाबलं.

काही नाही.

रेघ हाताच्या मागून येते, हे मला माहीत होतं. थांबलो.

पडद्यावर जोड उमटला.

वर पाहिलं. पाळीवर जोड होता.

पाणी हललं. बाबा खोल भागातून चालत बाहेर आले. धापसुद्धा लागली नव्हती. चपला घातल्या. "काऊन वरडून राह्यले?" म्हणाले.

तार उजव्या चपलेवर होती.

घरी आईनं ताट वाढलं. घास तोंडाशी जायच्या आत ती म्हणाली, "डाव्या हातानं काऊन जेऊन राह्यले?"

बाबांनी हाताकडे बराच वेळ पाहिलं. "हाच तं जेवाचा हात हाय."

शनिवारी प्रकाशकानं चित्र पसंत केलं. निशातनं विचारलं, "कोनतं ठरलं मग?"

"तिसरं."

"काऊन?"

"अन्डू चांगलं आहे."

ॲप बंद केलं की अन्डूची आठवण पुसली जाते, म्हणून फोन तेव्हापासून चार्जरवरच आहे. उलटवायचं बटण पुन्हा दाबलेलं नाही. दोनदा बोट तिथवर गेलं. पण त्या बटणानं नेमकं कोण परत येईल, याची मला खात्री नाही.

काल दुपारी बाबा खाटेवर झोपले होते. मी हळूच त्यांच्या छातीवर डावीकडे हात ठेवला.

काहीच नाही.

हात उजवीकडे सरकवला. तिथं चालू होतं. अगदी गुळगुळीत, आणि माझ्या ठोक्यांच्या जरा मागून.