भामाबाईंच्या उशाशी अकरा दिवस

"पुन्हा धुवा."

मनस्वीने वळून पाहिलं. आयसीयूच्या दाराशी, बेसिनजवळ, निळ्या गणवेशातला एक उंच माणूस उभा होता. तोंडावर मास्क, वर फक्त दोन डोळे... आणि ते तिच्या बोटांवर खिळलेले.

"आत्ताच धुतले की!"

"अंगठे राहिले."

आता मनस्वी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी पोरगी. रोडपालीत तिचं स्वतःचं पार्लर. लग्नसराईत नवरीमुलींच्या आया तिची मनधरणी करतात. आणि तिला हात धुवायला शिकवणार कोण, तर हा! पण काचेपलीकडे आई होती. तिने मुकाट्याने अंगठे चोळले.

"नखांखाली..."

"तुम्ही कुणाची सासू आहात का हो?"

मास्कवरचे डोळे बारीक झाले. हसला असावा. "जा आत. दहाच मिनिटं."

आत भामाबाई, मनस्वीची आई. चिरनेरला जन्मभर शेतात राबलेली, आजारपण कशाशी खातात हे माहीत नसलेली बाई. आणि एका आठवड्यात पायांपासून सगळी ताकद गेली. जीबीएस, नसांचा आजार, डॉक्टर म्हणाले. शेवटी श्वासही थकला, तेव्हा तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरला जोडलं. "नसा हळूहळू परत येतील," डॉक्टरांनी सांगितलं, "तोवर यंत्र श्वास देईल. फक्त फुप्फुसात न्यूमोनिया होता कामा नये. झाला, तर अवघड आहे." भामाबाई शुद्धीवर होत्या, सगळं ऐकत होत्या. हलत होत्या फक्त पापण्या.

त्या उंच माणसाचं नाव इंद्रजीत. लातूरकडचा. पुरुष नर्सला तिथे सगळे ब्रदर म्हणतात; मनस्वीच्या तोंडून मात्र तो शब्द दुसऱ्या दिवसापासूनच निघेना. का, ते विचारू नका.

भेटीची वेळ संपली की ती काचेबाहेर उभी राहायची. आणि बघत राहायची. आधी आईकडे... मग त्याच्या हातांकडे.

काय ते हात! खाटेची डोक्याकडची बाजू नेहमी उंच ठेवायची, कारण सपाट झोपवलं तर पोटातलं वर येऊन छातीत उतरतं. तो जाता-येता तो कोन तपासायचा. घशात साचलेली लाळ ओढून काढायचा. नळीभोवतीच्या फुग्यातली हवा मोजायचा. दर थोड्या वेळाने आईचं तोंड साफ करायचा: एकेक दात, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू. मग सुकलेल्या ओठांवर बोटाने मलम. आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगून. "मावशी, आता कुशीवर वळवतो हं." "मावशी, जरा खोकला येईल, घाबरू नका." ज्या बाईला उत्तर देता येत नव्हतं, तिची परवानगी घेऊन! मनस्वीने शेकडो चेहऱ्यांना हात लावला होता, पण असा हात तिने कधी पाहिला नव्हता. बाप रे, तिला वाटायचं, हा माणूस दिवसभर तेच तेच करतो आणि एकदाही उरकत नाही!

"इतकं जपून तर मी नवरीलाही सजवत नाही," एका संध्याकाळी आईच्या खाटेपलीकडून ती म्हणाली. "नोकरी सोडलीत तर या माझ्या पार्लरला."

"काम काय?"

"पोरींचे अंगठे बघायचं."

"आणि मालकिणीचे?"

"ते... धुतलेले असतात आता."

तो खाटेचा कोन पुन्हा तपासायला लागला. यंत्र तेवढं श्वास घेत होतं. भामाबाईंच्या पापण्या दोनदा फडफडल्या.

आठव्या दिवशी मनस्वीने घोळ घातला.

आदल्या दिवशी आईची नजर सारखी अस्वस्थ होती. काय हवंय? पाणी? नाही. कूस? नाही. आणि एकदम तिला उमगलं: मिश्री! जन्मभर सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावल्याशिवाय आईचा दिवस सरला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड पदरात बांधून आणली. हा दात घासतो, आपणही दातच घासतोय, असा साधा हिशेब. इंद्रजीत शेजारच्या खाटेशी असताना तिने चिमूटभर पूड नळीच्या बाजूने हिरडीला लावली. आईचे डोळे निवले, पाणावले. मनस्वीला कृतकृत्य वाटलं... जेमतेम अर्धं मिनिट.

मग लाळ सुटली. भामाबाई ठसकल्या. यंत्र किंचाळायला लागलं.

इंद्रजीत धावत आला. "काय झालं? तोंडात काही घातलंत?"

नाही म्हणता आलं असतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता हे डोळे पुन्हा आपल्याकडे तसे बघणार नाहीत, हेही तिला कळत होतं.

"मिश्री," ती म्हणाली. "मी लावली. आत्ताच."

त्याने लगेच लाळ ओढून काढायला घेतली. हात चालू राहिले, भराभरा पण न चुकता, जोवर बाहेर येणारी लाळ काळ्याची पांढरी होत नाही तोवर. मग त्याने फाईल ओढली.

"लिहावं लागेल मला."

"लिहा," मनस्वी रडत म्हणाली.

"तोंडातले जंतू नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपतात. लाळ वाढली की आणखी. म्हणून एवढं सगळं करतो आम्ही." तो थांबला. "तुम्ही लगेच सांगितलंत, म्हणून लगेच साफ करता आलं. लपवलं असतंत तर..."

तिला दोन दिवस आत यायला बंदी झाली. त्याच संध्याकाळी भामाबाईंना ताप चढला. मनस्वी काचेला कपाळ टेकून उभी राहिली. गणपतीपासून एकवीरेपर्यंत सगळ्यांना साकडं घालून झालं. आत इंद्रजीत आपला वेळ संपल्यावरही थांबला होता. दात, हिरड्या, जीभ... "मावशी, आता तोंड साफ करतो हं." तोच आवाज, तसाच मऊ. मनस्वीला हात जोडावेसे वाटले, आणि तिने जोडलेही. कुणी बघत असेल तर बघू दे!

दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. ताप उतरला. नसांत हळूहळू ताकद परतली, अकराव्या दिवशी नळी निघाली, भामाबाईंनी स्वतःचा पहिला श्वास ओढला आणि मनस्वीचा जीव भांड्यात पडला.

"इंद्रजीत," ती बाहेर त्याला गाठून म्हणाली, "मला काहीतरी बोलायचंय."

"आज नको."

"मग कधी?"

"मावशी माझ्याकडे आहेत तोवर नको." आणि तो आत निघून गेला. बरोबर आहे, तिला वाटलं. मिश्रीवालीशी कोण बोलणार?

दोन दिवसांनी भामाबाई वरच्या मजल्यावर, साध्या वॉर्डात आल्या. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. भेटीच्या वेळी दाराशी एक उंच तरुण उभा. साधा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. मास्क नव्हता. हनुवटीवर छोटा व्रण, ओठ घाबरलेले... मनस्वीने डोळ्यांवरून ओळखलं.

"त्या दिवशी तोडून बोललो," तो म्हणाला. "ज्याच्या हातात तुमच्या आईचा श्वास आहे, त्याने काही विचारलं, तर तुम्ही 'नाही' कसं म्हणणार? म्हणून थांबलो. आता मावशी माझ्या पेशंट नाहीत. आता तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता."

मनस्वी त्याच्याकडे बघतच राहिली. आईच्या तोंडाइतकंच आपलं मनही जपलं होतं या माणसाने?

"अर पोरा," खाटेवरून घोगरा आवाज आला, "अकरा दिस तुमचा बोलना आयकलाय मी. तोंडान नली व्हती म्हनून गप व्हती. काय तो बोलून टाक!"

इंद्रजीतचे कान लाल झाले. "मनस्वी... माझ्याशी लग्न कराल?"

"मी नाही म्हटलं तर चालेल ना?"

"चालेल."

"खरंच?"

"खरंच."

"मग ऐका," ती म्हणाली, "हो."