मंडळी, घ्या…

ही घटना माझ्या स्वतःच्या घरातली आहे. त्यात मी काही वाढवलेले नाही. उलट, एक गोष्ट बरीच वर्षे कमी केली गेली होती, तीच पुन्हा मांडतो आहे.

गेल्या वर्षीची अकरा मे. रविवार. अमरावतीतली माझी भाड्याची खोली. वेळ दुपारी अडीचची.

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असे मानणाऱ्यांनी वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार पाहिलेली नसावी. रस्त्यावर माणूस नसतो. कुत्रीसुद्धा नालीच्या सावलीत निपचित पडलेली असतात. साऱ्या गल्लीत फक्त कूलरची घरघर असते, आणि तिच्या आड काहीही दडू शकते.

माझे नाव अंकुर. जुन्या कॅसेटमधली गाणी संगणकावर उतरवून देणे हा माझा व्यवसाय आहे. लोकांशी फारसे बोलावे लागत नाही, म्हणून तो मला मानवतो.

त्या दिवशी माझ्यापुढे घरचेच काम होते. माझे बाबा, गोवर्धनबुवा, अकोल्यात भजने गातात. त्यांच्या भजनी मंडळाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती आणि पुढच्या रविवारी अकोल्याला त्यांचा सत्कार होता. तिथे त्यांची एकुलती एक कॅसेट मोठ्या पडद्यावर नावांसह वाजवायची होती. त्यात बारा भजने. वेष्टनावर छापलेले : ‘गोवर्धनबुवा आणि मंडळी’.

त्या कॅसेटमध्ये बाबा एक ओळ म्हणतात. ती ओळ एक बाई उचलते आणि वरच्या पट्टीत अशी नेते, की बाबांचा आवाज खाली अंगणात उभा राहून पाहत असल्यासारखा वाटतो.

ती बाई माझी आई. सहा वर्षांपूर्वी गेली.

बाबांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही. जुन्या चालीप्रमाणे ते बायकोला ‘मंडळी’ म्हणत. “मंडळी, पानी आना.” “मंडळी, पेटी काढा.” शेजारी थट्टा करत, की बुवाची मंडळी एकटीच हाय, पन पाच जनायचं काम करते. आई हसायची. मीही हसायचो.

गाण्यांची व्यवस्था ठेवणारे माझे सॉफ्टवेअर फार शिस्तीचे आहे. प्रत्येक फाइलला शीर्षक, कलाकार, अल्बम आणि क्रमांक असे चार रकाने असतात. ते भरले, की ते स्वतःच फाइलचे नाव बदलते आणि तिला कलाकाराच्या नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. रकाना रिकामा राहिला, तर ‘अज्ञात कलाकार’. दोन कलाकार असले, तर मधल्या ‘आणि’वर तोडून दोघांचीही नोंद करते. ती सोय मीच चालू केलेली होती.

मी बारा भजने चढवली. कलाकाराच्या रकान्यात वेष्टनावरचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

डाव्या बाजूच्या यादीत दोन नवे कलाकार उमटले.

गोवर्धनबुवा – १२ गाणी.

मंडळी… १३ गाणी.

मला वाटले, काहीतरी दोनदा चढले असेल. मी ‘मंडळी’ उघडले. बाराही भजने क्रमाने होती. त्यांच्याखाली तेरावी ओळ. शीर्षक रिकामे. लांबी चार मिनिटे अकरा सेकंद.

ती फाइल मी केलेली नव्हती.

मी ती लावली. आधी टेपची खरखर. मग खंजिरीवर एकच थाप. मग बाबांचा तरुण आवाज :

“मंडळी, घ्या…”

आणि कुणीतरी श्वास घेतला.

गाण्याआधी घेतात तसा, पोटातून भरून घेतलेला श्वास. तो ओळखायला मला क्षणही लागला नाही. लहानपणी मी त्याच श्वासाशेजारी झोपलेलो आहे.

पण गाणे सुरू झाले नाही. उरलेली चार मिनिटे नुसती खरखर होती. तरीही ती रिकामी वाटत नव्हती. घेतलेला श्वास कुणी सोडलेलाच नव्हता.

मी कॅसेट पुन्हा यंत्रात घातली आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. बारावे भजन संपते. मग कोरी टेप. मग खट्.

तेरावे काही नव्हते.

मंगळवारी मी एस.टी.ने अकोल्याला गेलो. घरी गेलो नाही. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात वाहेदचाचा राहतात. एके काळी त्यांचे रेकॉर्डिंगचे दुकान होते आणि ही कॅसेट त्यांनीच भरलेली होती. आता त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. मी फोनवर ती फाइल लावून त्यांच्या चांगल्या कानाशी धरली.

ते पूर्ण चार मिनिटे ऐकत राहिले. मग त्यांनी कहकशाँला, म्हणजे आपल्या सुनेला, दार लोटून घ्यायला सांगितले.

“हे तुले कोनं देल्लं?”

मी म्हणालो, कुणी नाही. ते आपोआप आले.

“आपोआप कसं येईन बेटा? थे टेपची पट्टी तं म्या कैचीनं कापून मोर्णेत फेकली होती.”

मग त्यांनी सांगितले. हळूहळू, मध्ये थांबत. बारा भजने भरून झाल्यावर आईने विचारले होते, की वेष्टनावर माझेही नाव येईल का. बाबा म्हणाले, ‘मंडळी’ म्हटले की त्यात आलेच ना सारे. बाबा चहा प्यायला खाली उतरले, तेव्हा ती चाचांना म्हणाली, भाऊ, मशीन चालू करा. आणि तिने एक तेरावे भजन गायले. एकटीने. तिनेच रचलेले.

भजनाच्या शेवटच्या चरणात रचणारा आपले नाव गुंफतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. कलाकाराचा रकाना निघण्याच्या कितीतरी शतके आधी माणसांनी शोधलेली ही युक्ती आहे. वेष्टन फाटो, वही जळो, नाव गाण्याच्या आतच राहते. ते काढायचे, तर गाणेच मोडावे लागते.

आईने तेच केले होते. चाचांना फक्त तो शेवटचा चरण आठवत होता. त्यांनी तो गायला नाही, नुसता म्हटला.

“सुभद्रा म्हणे देवा, येवढं करजो,
हाक मारतांनी मले नावानं मारजो.”

बाबा वर आले तेव्हा हीच ओळ चालू होती.

“थे म्हनले, बाईनं भजनात सोताचं नाव घालनं शोभते काय? मी म्हटलं, बुवा, आवाज तं पाहा, सोनं हाय. थे म्हनले, आवाज राहू द्या, नाव पुसा.” चाचा फोनकडे पाहत राहिले. “आता नाव पुसाचं तं सारंच पुसा लागते ना बेटा. म्या पुसलं.”

त्याच जागेवर दुसरे भजन भरायचे ठरले. यंत्र चालू झाले. बाबा म्हणाले, मंडळी, घ्या. आईने श्वास घेतला आणि ती तशीच बसून राहिली. चार मिनिटे. बाबांनी डोळे वटारले, खंजिरीवाला उठून गेला, तरी तिने तोंड उघडले नाही. शेवटी चाचांनी यंत्र बंद केले आणि वाया गेलेली पट्टी कापून टाकली.

निघताना चाचांनी माझा हात धरला.

“तुह्याकडं आता रकाना हाय म्हनतं ना? मंग लिव तिचं नाव. माह्या हातून जे झालं, थे तुह्या हातून होऊ देऊ नको.”

अमरावतीला येईपर्यंत मी ठरवले होते. बुधवारी दुपारी बाराही भजनांच्या रकान्यात मी लिहिले : ‘गोवर्धनबुवा आणि सुभद्रा’. आईचे नाव मी तिच्या मृत्यूच्या दाखल्यानंतर पहिल्यांदाच लिहीत होतो. यादीतून ‘मंडळी’ नाहीसे झाले. तेरावी फाइलही दिसेना. खोलीतला उकाडा अचानक सुसह्य झाला, असे मला वाटले.

मग मी बाबांना फोन केला. पडद्यावर नावे दिसणार होती. आधी सांगायला हवे होते.

मी रकान्यातली दोन्ही नावे वाचून दाखवली.

“तुही माय गाये. मी कुठी नाही म्हनतो? पन लोकायले गोवर्धनबुवा माहीत हाय. चाळीस वर्षानं, भर सभेत, मले खोटं पाडून राहिला काय तू?”

मी म्हणालो, बाबा, फक्त नाव आहे.

“फक्त नावच हाय तं मंग कायले पाह्यजे? थे आनि-फानि काढून टाक. नुसतं माह्यं ठेव.”

“बरं, बाबा.”

‘बरं’ हा शब्द मी आयुष्यभर फार सुबक उच्चारलेला आहे.

मी बाराही फायली एकदम निवडल्या. रकान्यात ‘गोवर्धनबुवा’ एवढेच लिहिले आणि कळ दाबली. तीस वर्षांपूर्वी चाचांना निदान कैची शोधावी लागली होती.

पडद्यावर सूचना आली.

…१३ फायली बदलल्या.

मी बाराच निवडल्या होत्या.

त्या फायली तपासण्याचे धैर्य मला झाले नाही. पेनड्राइव्हवर सारे उतरवले आणि कूलर बंद करून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

रविवारी, अठरा मेला, संध्याकाळी सहा वाजता अकोल्याच्या सभागृहात दोनशे माणसे होती. बाबा मंचावर, फेटा बांधून, पुढ्यात माइक. मी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी. शाल झाली, नारळ झाला. अध्यक्षांनी खूण केली आणि मी पहिले भजन लावले.

पेटी वाजली. खंजिरी वाजली. बाबांनी पहिली ओळ म्हटली.

आणि पुढे…

काहीच नाही.

पेटी वाजत होती, खंजिरी ताल धरून होती. जिथे आई ओळ उचलते, तिथे तेवढीच जागा मोकळी होती. मग बाबांची दुसरी ओळ. मग पुन्हा मोकळी जागा. आवाज कापला असता तर साथही कापली गेली असती. ती शाबूत होती. फक्त आई गेलेली होती, जशी एखादी बाई भरल्या घरातून कुणाला न सांगता निघून जाते.

बाराही भजने तशीच.

लोकांना काही वावगे वाटले नाही. माझ्यामागे एक गृहस्थ, सूर्यभानजी, शेजाऱ्याला म्हणत होते, बुवा मधात मधात लय थांबते बुवा, दम लागत असन. शेजारी हसला.

बाबा मात्र हसत नव्हते. प्रत्येक मोकळ्या जागी त्यांची मान किंचित डावीकडे वळत होती. आई नेहमी डावीकडे बसायची.

बारावे संपले. मी थांबवण्यासाठी हात पुढे केला, पण त्याआधीच पडद्यावर शीर्षक नसलेली ओळ आली.

खरखर. खंजिरीवर एक थाप.

“मंडळी, घ्या…”

सभागृहाच्या सगळ्या स्पीकरमधून तो श्वास ऐकू आला. घेतलेला. रोखलेला.

मी काही बंद केले नाही. खरे सांगायचे तर मला ते घडायला हवे होते. आता बाबा तिचे नाव घेतील, असे मला वाटले. तीन अक्षरे. समोर माइक होता.

बाबा खुर्चीतून उठले. फेटा तिरका झाला होता. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले, पुन्हा हलले. त्यांच्या चेहऱ्यावर माणूस ओळखीची वस्तू शोधतो तसे काहीतरी होते. मला उमगले, की बाबा नाव टाळत नव्हते. ते त्यांनी जिभेवर कधी ठेवलेलेच नव्हते.

शेवटी ते म्हणाले,

“मंडळी…”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटले, बुवा भाषण सुरू करत आहेत. श्रोत्यांनाही मंडळीच म्हणतात. सारे सरसावून बसले, मुलांना गप्प केले गेले. दोनशे माणसे त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होती आणि बाबा डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते.

तिने ओ दिली नाही.

चार मिनिटे अकरा सेकंदांनी फाइल संपली. बाबा खाली बसले. त्यानंतर ते गायलेले नाहीत.

मी अमरावतीला येऊन मूळ कॅसेट पुन्हा लावली. तिच्यातही आता आई नाही. वाहेदचाचांकडे एक जुनी प्रत होती, तीही तशीच निघाली. त्यांनी ती ऐकली आणि चांगल्या कानावर हात ठेवला.

तेरावी फाइल मात्र ‘मंडळी’च्या फोल्डरमध्ये परत आलेली होती. तिचा रकाना मी बदलला. आता यादीत ‘सुभद्रा’ असे लिहिलेले आहे. सॉफ्टवेअरने ते मुकाट्याने मान्य केले. पण लिहिणे म्हणजे हाक मारणे नव्हे.

म्हणून कधी कधी दुपारी मी कूलर बंद करतो आणि ती फाइल लावतो. श्वास येतो. त्याच्यापुढे मी तोंड उघडतो. ते नाव घ्यायचे, असे ठरवलेले असते.

तोंडून ‘आई’ येते.

मग खरखरीच्या मागे कुणीतरी जरासे हलते… आणि पुन्हा स्थिर होते. फाइल संपल्यावर मी लांबी पाहतो. दर वेळी ती एका सेकंदाने वाढलेली असते.

काल ती चार मिनिटे एकोणतीस सेकंद होती.

म्हणजे अठरा वेळा मी तिला आई म्हणालो आहे. नावाने एकदाही नाही.