समोरचा डाव

ठेवा ते मोबाइल खाली. बोटाने काच घासता आणि त्याला गेम म्हणता! गेम आमच्या वेळचा. अख्खं टेबल असायचं. वर जाड काच, काचेखाली आडवा पडदा, आणि दोघांनी समोरासमोर बसायचं, दोन्ही बाजूंना तोफ सरकवायची एकेक दांडी. वरून रांगेने परग्रहावरचे किडे उतरायचे, खाली तुमची एकटी तोफ. ढुम्, ढुम्, ढुम्... किडे जवळ आले की ठोके वाढायचे. तुमची तोफ फुटली की समोरच्याचा डाव. मग चित्र गर्रकन उलटं व्हायचं, त्याच्याकडे तोंड करून. हे फिरणं लक्षात ठेवा, गोष्ट त्यातच आहे.

ही टेबलं दुरुस्त करणारा आता इथे एकच उरलाय, माझा दोस्त झटक्या. विजेचे इतके झटके खाल्लेत की त्याचं खरं नाव घरचेही विसरले. आमच्या दोघांत थापा मारायचं काम माझ्याकडे आहे, पण हे त्याने सांगितलं तसंच सांगतो.

मागच्या वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री नऊ वाजता झटक्याला एका शिंप्याच्या बायकोचा फोन आला. ‘लगेच या, हे कपडे पोचवायला गेलेत तोवर.’ शिंप्याच्या वडिलांचं पूर्वी गेम पार्लर होतं. ते बंद पडलं, टेबलं विकली गेली. त्यातलं एक शिंप्याने कुठूनसं शोधून परत आणलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं.

‘दादा, रात्रभर खेळतात हो,’ झटक्या पोचताच वहिनी म्हणाली. ‘दोघांचा खेळ लावतात आणि एकटेच बसतात. म्हणे, समोर ती आहे.’

‘ती कोण?’

‘माझी नणंद. मी पाहिलीसुद्धा नाही तिला. अकरा वर्षांची होती. याच टेबलावर खेळताना ताप चढला, डाव अर्धा टाकून घरी गेली, ती गेलीच. तुला नणंद नाही, सुटलीस, असं माहेरी सगळे चिडवायचे मला.’ ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. ‘यांना जेवण नाही, झोप नाही, हाडं वर आलीत. मला माझा माणूस परत हवाय. ते चित्र तिकडे फिरतं ना, ते बंद करा. डाव तिकडे गेलाच नाही, तर हे उठतील.’

काम सोपं होतं. टेबलाच्या आत एक बारीक खटका असतो. तो पाडला की चित्र फिरत नाही, दोघांनी एकाच बाजूने खेळायचं. वहिनी वर घरात गेली. आधी तपासायचं आणि मगच उघडायचं, ही झटक्याची सवय. तो शिंप्याच्या बाकावर बसला, दोघांचा खेळ लावला. त्याची तोफ फुटली. चित्र फिरलं. समोरचं स्टूल रिकामंच.

तोफ सरकली.

डावीकडे... मग उजवीकडे. समोरची दांडी हलत होती.

काहीतरी बिघाड असेल, तो स्वतःशीच म्हणाला. दांडी बिघाडाने कशी हलेल, हा विचार त्याने मुद्दामच केला नाही. झाकण उघडलं, खटका पाडला, झाकण लावलं. पुन्हा दोघांचा खेळ. त्याची तोफ फुटली, समोरच्याचा डाव आला. चित्र फिरलं नाही. त्याच्याकडेच तोंड करून राहिलं. समोरची दांडी गप्प.

झटक्याने सुस्कारा सोडला.

ढुम्... ढुम्...

समोरचं स्टूल मागे सरकलं.

मग पावलं. अनवाणी. हलकी. टेबलाला वळसा घालून... त्याच्या बाजूला.

ढुम्. ढुम्. ढुम्.

शेजारी बाक दबला. आणि त्याच्या बरगडीत एक कोपर लागलं. बारीक, टोकदार. भावंडं मारतात तसं.

तो... सरकला.

पुढे बाहेर कसा पडला, ते त्याला आठवत नाही. दारात वहिनी उभी. ‘झालं का?’ त्याने मान हलवली आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खटका पुन्हा होता तसा करायला गेला. वहिनी खुशीत होती. शिंपी रात्री येऊन जरा वेळ खेळला, मग आपणहून उठला, वर येऊन गाढ झोपला.

‘आणि टेबल?’

‘भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. हेच म्हणाले, आता कशाला हवंय.’

म्हणजे तिला परत पाठवायला आता समोरची बाजूच उरली नव्हती. पण हसणाऱ्या बाईला काय सांगणार? तो तसाच परतला.

महिनाभराने पुन्हा तिचा फोन. झटक्या गेला तेव्हा शिंपी दुकानात गुणगुणत शिवत बसला होता, अंगाने भरला होता. वहिनीची मात्र रया गेलेली. तिने झटक्याला वर नेलं आणि पलंग दाखवला.

‘झोपेत हे सरकतात. अगदी कडेला. मधे जागा ठेवून. मी जवळ गेले की...’ तिने स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला.

गादीच्या मधोमध एक खळगा होता. लहानसा. कुशीवर झोपलेल्या पोरीएवढा. शिंपी सकाळी लवकर उठून खाली गेलेला, वहिनी त्याच्याही आधी उठलेली. आता दुपार कलली होती.

झटक्याने खळग्याला हात लावला.

गादी कोमट होती.