आवाज मागून येतो

"ताई, ते आता कुठेच मिळणार नाही. बंद झालं ते."

अनुजाने वळून पाहिलं. काउंटरला कोपर टेकून एक तरुण उभा होता. एका हातात माइक, दुसऱ्या हातात त्याची काढलेली जाळी, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू. बाहेर लॅमिंग्टन रोडवर ऑक्टोबरचं ऊन नुसती आग ओकत होतं, अनुजाची ओढणी घामाने मानेला चिकटली होती, आणि या माणसाला हसू सुचत होतं.

"ताई कुणाला म्हणता?"

"चुकलं. मग... काय म्हणू?"

"काही म्हणू नका. त्याच्याऐवजी दुसरं काय मिळेल तेवढं सांगा."

दुकानदाराने सुटकेचा श्वास टाकला. आपल्याकडे वायरी मिळतात, माइक मिळतात, पण इंटरनेटवर रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर मिळत नाही, हे तो बिचारा मघापासून तिला समजावत होता.

"तुम्ही रेडिओ चालवता?" तरुणाचं हसू आता मोकळं झालं होतं.

"माझे वडील चालवतात. रोज दुपारी. महिनाअखेर ते सॉफ्टवेअर बंद होणार आहे. कंपनीने आभार मानलेत आमचे... आभार घेऊन काय करू मी?"

"मी विनीत. दादरला एका स्टुडिओत आवाजाचं काम करतो. शनिवारी सुट्टी असते." तो जाळी माइकवर बसवत, मान वर न करता म्हणाला, "येऊन बघू का?"

अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊ नये, हे अनुजाला लहानपणापासून बजावलेलं होतं. तिने पत्ता दिला. परळ, तिसरा माळा, गॅलरीच्या टोकाची खोली.

त्या चाळीत एके काळी दारं लावायची पद्धतच नव्हती. एका खोलीतली फोडणी दुसऱ्या खोलीतल्या माणसाला शिंकवायची. अनुजाचे वडील, तात्या, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, होते. साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा चढलेला, की त्यांनी तिसऱ्या माळ्यावरून साद घातली की तळमजल्यावरची मुलं खेळ थांबवायची. दुपारी नळाला पाणी आलं की गॅलरीतून हाकारायचं काम तात्यांचंच. "पाणी आलंऽ हो!" म्हटलं की चाळभर हंडे-कळश्या खणखणायच्या, झोपलेल्या बायका पदर सावरत उठायच्या.

मग गिरण्या गेल्या, आणि मागोमाग माणसंही पांगली. कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी कायमचं कुडाळला. पाच वर्षांपूर्वी अनुजाची आई गेली आणि तात्या बोलेनासेच झाले. तेव्हा अनुजाने त्यांच्यापुढे माइक ठेवला. 'दुपारची गॅलरी' असं त्या रेडिओचं नाव. कुणाकडे बारसं, कुणाच्या गावची जत्रा, कोण आजारी, कोण गेलं, सगळं तात्या सांगत. कुणी फोन करून बातमी देई, कुणी नुसतंच रडे. आणि शेवटी रोज तीच हाक. विरारला कुणाच्या नळाला कधी पाणी येतं ते देव जाणे. पण ती हाक ऐकल्याशिवाय त्या माणसांची दुपार सरत नसे.

तो रेडिओ बंद पडला तर तात्या पुन्हा गप्प होतील. अनुजाला तेवढीच भीती होती. निदान त्या शनिवारपर्यंत तरी तेवढीच.

शनिवारी विनीत आला तो हातात पिशवी घेऊनच.

"आईने दिलेत. बोंबील. रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणाली."

तात्यांनी पिशवीत डोकावलं. चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. "झिला, शनिवार असा रे! शनिवारी मी मासळी खाणंय नाय."

"अरे देवा..." विनीतचे कान लाल झाले. शीव कोळीवाड्याच्या घरात जन्मलेला, मासळीला वार कसला हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग तात्या, मी रविवारी येत जाऊ?"

"येत जाऊ?" अनुजाने भुवई उचलली. "एका दिवसाचं काम नाही का हे?"

"सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं असतं," तो गंभीरपणे म्हणाला. "घाई करून चालत नाही."

तिला हसू आलं. ते लपवायला ती चहा टाकायला आत गेली, आणि साखर दोनदा घातली.

पहिलं सॉफ्टवेअर त्याने त्याच दिवशी बसवलं. फुकट होतं, सुरेख चाललं. पण तात्या एका जुन्या शेजाऱ्याच्या निधनाची बातमी सांगत होते, "अत्यंत दुःखाने कळवतो की..." आणि मध्येच एक बाई केसांच्या तेलाची जाहिरात करू लागली. तात्यांनी हात जोडले. "ह्या नको रे बाबा."

दुसऱ्यात जाहिरात नव्हती. पण त्यासाठी ऐकणाऱ्याने नवीन अ‍ॅप घ्यायचं, नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा. नालासोपाऱ्याला गेलेल्या एका आजोबांना नातवाने फोनवर एक चित्र लावून दिलेलं. त्याच्यावर बोट ठेवायचं, की तात्या बोलू लागायचे. त्यांना पासवर्ड कोण शिकवणार?

तिसरं चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. विनीतने सगळं जोडून दाखवलं आणि खुर्ची मागे सरकवून तिच्याकडे पाहिलं. बाहेर गॅलरीच्या कठड्यावर कबुतर घुमत होतं. त्याच्या बोटांना सोल्डरचा वास होता, शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. ती बाही आपण दुमडून द्यावी, असं अनुजाच्या मनात आलं... आणि मग वाटलं, हे जमलं, की हा येणार नाही.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"ते... त्याचा रंग. बटणांचा. डोळ्यांना खुपतो."

विनीतने पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पुन्हा पडद्याकडे.

"हो," तो सावकाश म्हणाला, "खुपतो खरा."

आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या खेपेला हलव्याच्या तळलेल्या तुकड्या घेऊन. तात्यांनी तुकडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाले, "अनू, ह्या सॉफ्टवेअरवाल्याक जेवल्याशिवाय सोडू नको."

पण महिनाअखेर काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. जुनं बंद व्हायला एक आठवडा उरला आणि विनीतने चौथं काढलं. कुठल्याच कंपनीचं नव्हतं ते. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, कुणालाही फुकट वापरता येणारं. त्यासाठी त्याने आपला जुना संगणक आणून तात्यांच्या पलंगाखाली ठेवला, आणि रेडिओचा जुनाच पत्ता त्याच्याकडे वळवला. माणसाने घर बदललं तरी ओळखीचा पोस्टमन नव्या दारात पत्र आणून टाकतो ना, तसं. नालासोपाऱ्याच्या आजोबांना काहीच करायला नको. तेच चित्र, तेच बोट.

"दोनच गोष्टी लक्षात ठेव," विनीत म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. "जुन्यात लाल दिवा म्हणजे बंद होतं. यात उलटं आहे. लाल म्हणजे चालू."

"लाल म्हणजे चालू. आणि दुसरी?"

"यात आवाज जरा मागून येतो, मिनिटभर उशिराने. थांब, दाखवतो."

कानात इयरफोन घालून तो जिना उतरून खाली चौकात जायला निघाला. अनुजा माइकसमोर म्हणाली, "विनीत, ऐकू येतंय?" आणि गॅलरीत येऊन उभी राहिली. तो खाली पोचला, वर बघत उभा राहिला, जरा वेळ नुसताच उभा... आणि मग त्याचा चेहरा हलला. त्याने हात वर केला.

"माझ्यामागून तीन जिने उतरून येतो तुझा आवाज!" तो खालून ओरडला.

तो शेवटचा रविवार. तात्यांनी नव्या रेडिओवरून पहिला कार्यक्रम केला. विरारहून फोन आला, कुडाळहून आला, सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. विनीतने वायरी गुंडाळल्या. पिशवी उचलली.

"झालं मग," तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

"काही अडलं तर..."

"नाही अडणार. तू केलंयस ना."

कानात इयरफोन घालून, "शेवट नीट जातोय का, ऐकत जातो," एवढं म्हणून तो जिन्याकडे वळला. मागे तात्यांनी साद घातली, "पाणी आलंऽ हो!" आणि ते पाय मोकळे करायला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

अनुजाने पडद्याकडे पाहिलं. लाल दिवा. तात्यांनी बंद केलं वाटतं, असं समजून ती तशीच खुर्चीत बसली.

शेजारच्या कमलमावशी वाटीत खीर घेऊन आत आल्या. "गेलो काय गो तुझो रेडिओवालो?"

"गेला."

"मगे असा तोंड कित्याक?"

"मावशी, ते तिसरं होतं ना... त्यात काही खोट नव्हती. मीच नको म्हटलं. बटणांचा रंग खुपतो म्हणाले. मला तो पुढच्या रविवारी यायला हवा होता, दुसरं काही नाही."

"मगे त्याका सांग."

"काय सांगू? की तू मला आवडतोस? की तुझी ती सुटलेली बाही..." बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली. लाल. लाल म्हणजे...

खुर्ची मागे कलंडली. ती गॅलरीत धावली.

विनीत नुकताच जिन्यातून चौकात आला होता. तो थांबला, वर बघून हसला आणि त्याने हात उंचावला. तात्यांची हाक आत्ता पोचली होती त्याच्या कानात. म्हणजे तिचे शब्द त्याच हाकेच्या मागून येत होते. वाटेतच होते.

"विनीत!"

त्याने एका कानातला इयरफोन काढला. "काय?"

दुसराही काढून टाक, एवढंच म्हणायचं होतं. फोन बंद कर म्हटलं असतं तर त्याने केलाही असता. तिचं काहीच त्याने आजवर नाकारलं नव्हतं. मग तो शीवची बस धरून गेला असता. नंतर रविवारमागून रविवार आले असते, आणि रेडिओ मात्र उत्तम चालला असता.

अनुजाने कठडा घट्ट धरला.

"काही नाही," ती म्हणाली. "परत कानात घाल. ... ऐक."

त्याने घातला.

ती तिथेच उभी राहिली. चौकात एक मांजर पसरलं होतं, दोरीवरची चादर वाऱ्याने फुगत होती. विनीत मान थोडी तिरकी करून ऐकत होता. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. मग ती गेली. हातातली पिशवी त्याने हळूच खाली ठेवली. आणि मग, अगदी नकळत, त्याचा हात आपल्या सुटलेल्या बाहीकडे गेला.

तो तीन जिने चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. कमलमावशी खिरीची वाटी घेऊन भिंतीला चिकटून उभ्या होत्या. जायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"अजून चालू आहे?" त्याने विचारलं.

"हो... बंद करते." तिचा हात पुढे झाला.

"थांब. सगळ्यांनी तुझं ऐकलंय, तर माझंही ऐकू दे." तो माइकजवळ वाकला. डोळे मात्र तिच्यावर होते. "मंडळी, मी रेडिओवाला. मीही एक गोष्ट कबूल करतो. हे चौथं सॉफ्टवेअर मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. दुकानातच. आधीची तीन मी... मुद्दाम आणली."

"लबाड!" अनुजा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही.

"बटणांचा रंग खुपतो म्हणाली, ती कोण गं?"

ती पुढे झाली, आणि त्याची बाही नीट, दोन घड्या घालून दुमडून दिली.

तोवर तात्या गॅलरीतून परत येऊन दारात उभे राहिले होते. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांनी तिघांकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, आणि कलंडलेली खुर्ची सरळ करून तिच्यात बसले.

विनीतचं बोलणं अजून वाटेत होतं. रूळ ओलांडून, खाडी ओलांडून, विरारला, नालासोपाऱ्याला, घाट उतरून कुडाळच्या एखाद्या पडवीत चाललं होतं. चौघं टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले.

मग तो वाजला.

तात्यांनी उचलला, जरा वेळ ऐकलं, आणि गिरणीतल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "होय, होय, आयकलंय मी पण! ... मासळी खाणारो असा गे, आणखी काय व्हया?"