चाळीसच्या पुढे नाही

त्याची पहिली नजर जीपवर गेली, पौर्णिमाकडे नाही.

जानेवारीतली भुरभुर लागली होती. वेचायचा राहिलेला कापूस शेतात ओला होत होता, आणि गिरडहून समुद्रपूरला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पौर्णिमा बोनेट उघडून उभी होती — आत काय पाहायचं असतं हे ठाऊक नसताना. मोटारसायकलवरचा एक तरुण पुढे निघून गेला, थांबला, वळून आला. तिच्याशी एक शब्दही न बोलता त्याने जीपच्या मडगार्डवर हात ठेवला. ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"साहेबांची गाडी," तो म्हणाला. मग कुठे त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमी पौर्णिमा मॅडम. नागपूरले कॉलेजात शिकवता. भिजू नका, आत बसा."

आपण ज्याला ओळखत नाही त्याने आपल्याला ओळखावं, हे तिला मुळीच आवडलं नाही. तरी ती आत बसली. काचेवरच्या थेंबांमधून तो वाकलेला दिसत होता... ओले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि वाईट बातमी हळू आवाजात सांगावी तसं सांगितलं, की इंजिन जाम झालं आहे.

तिचे वडील, प्रभाकरराव, दिवाळीच्या तोंडावर गेले होते. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी फोर-व्हील जीप घेतली. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरच्या काळ्या मातीत दुसरी कुठलीच गाडी टिकत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. संध्याकाळी पौर्णिमाचा फोन गेला की म्हणत, "बाहेर आहे, मग बोलतो." हे 'बाहेर' म्हणजे कुठे, ते तिला आज कळलं. बसस्टँडामागचं या तरुणाचं, अश्वजितचं, गॅरेज. एक लोखंडी खुर्ची. त्या खुर्चीकडे बोट दाखवून अश्वजित म्हणाला, साहेब रोज इथे बसत, चहा घेत, आणि त्याच्या कामात चुका काढत.

त्याने ते प्रेमानेच सांगितलं होतं. पौर्णिमाच्या मनात मात्र काहीतरी करपलं. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या संध्याकाळी या माणसाकडे होत्या, ग्रीसच्या वासात ठेवलेल्या. तिच्याकडे होतं ते फक्त "मग बोलतो".

इंजिन उघडल्यावर कळलं की ऑइल पंपाने दगा दिला होता. तेल न मिळाल्याने बेअरिंग वितळून क्रँकला चिकटली होती. अश्वजितचं म्हणणं पडलं की नागपूरहून दुसरं, चालतं इंजिन आणून बसवावं. आठवड्यात गाडी दारात. हेच इंजिन बांधायचं म्हटलं तर ब्लॉक लेथवर न्या, बोअर करा, नवे पिस्टन टाका, क्रँक घासून आणा... वेळ जाईल आणि खात्री देता येणार नाही.

"हेच बांधा," पौर्णिमा म्हणाली.

"मॅडम, डोक्यानं विचार करा ना."

"डोक्यानं नागपूरला करते. इथे सुट्टीवर असते."

तो हसला. त्याला हसताना एका गालावर खळी पडते, ही गोष्ट तिने पाहिली आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

मग दर शनिवारी ती एसटीने यायची, घरी आईकडे पिशवी टाकायची आणि काम कुठवर आलं हे बघायला जायची. काम बघायला फार वेळ लागत नसे; तरी ती त्या खुर्चीवर तास तास बसे, पुस्तक उघडून. पान उलटलं नाही की तो खालूनच विचारायचा, "अडकलं का कुठं?" ती म्हणायची, "तुम्ही तुमचं बघा." एकदा त्याने पिस्टनची रिंग बोटावर धरून दाखवली आणि म्हणाला, की बसवताना जरा जोर लावला की तुटते, आणि धाक धरला तर बसतच नाही. "मंग काय करायचं?" त्याने विचारलं. तिच्याकडे पाहत विचारलं. पौर्णिमाला अकारण पदर सावरावासा वाटला. अंगावर तर सलवार-कमीज होता.

आणि मग एका शनिवारी आचल आली.

आचल बोरच्या जंगलात सफारीची गाडी चालवायची. मालक दुसरा, गाडी दुसऱ्याची. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, आवाज अख्ख्या बसस्टँडाला ऐकू जाईल असा. अश्वजित आणि ती अल्लीपूरला एका वर्गात होती. आल्या आल्या तिने खुर्चीच्या पाठीवर टोपी अडकवली — त्या वेळी पौर्णिमा त्याच खुर्चीवर बसली होती — आणि म्हणाली, "अश्व्या, माह्या गाडीचं ब्रेक पाय बरं आधी."

"तू थांब जराशी. तुले नेहमीच घाई."

तू. तुले. पौर्णिमाने पुस्तक मिटलं. इतके शनिवार झाले, आणि तिच्या वाट्याला अजून 'मॅडम'च येत होतं. भाषा शिकवणाऱ्या बाईने एका सर्वनामाचा हेवा करावा, याची तिला लाज वाटली. पण हेवा काही त्यामुळे कमी झाला नाही.

पुढचं त्याहून कठीण होतं. आचलला ड्रायव्हिंग प्रभाकररावांनी शिकवलं होतं. याच जीपमध्ये, शेताच्या चिखलात. "साहेब लय रागवायचे, ताई," आचल सांगत होती, "पन गाडी फसली का सोताच हसत बसायचे." पौर्णिमाने ते हसू डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. चिखल आला, जीप आली. हसू आलं नाही.

इंजिन झालं की जीप आपल्याला विकत हवी, असं आचल म्हणाली. स्वतःची गाडी असली की ती स्वतःची मालकीण. ती घरी जाऊन पौर्णिमाच्या आईशी बोललीही. बाबा गेल्यावर दारात नुसती उभी राहिलेली ती गाडी आईला रोज सकाळी नको वाटायची; आई हो म्हणाली. पौर्णिमाजवळ 'नाही' होतं, पण मोठ्याने सांगता येईल असं कारण नव्हतं.

"ताई, तुमी मले अशा पाहून राह्यल्या," जाताना आचल म्हणाली, "जशी मी तुमच्या गोठ्यातली गाय सोडून नेली."

"नाही गं," पौर्णिमा म्हणाली. "खुशाल ने."

त्या दिवशी पाना जागेवर ठेवताना अश्वजितने तो जरा जास्तच आवाज करून ठेवला.

होळीच्या सुमारास इंजिन बांधून झालं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा निळा धूर निघाला, अश्वजितचं तोंड उतरलं, आणि सगळं पुन्हा खोलून एक तुटलेली रिंग काढावी लागली. दुसऱ्यांदा मात्र ते एका दमात बोलायला लागलं. पौर्णिमा गॅरेजच्या दारापर्यंत गेली, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तो मागे आला नाही. तिने वळून पाहिलं तेव्हा तो इंजिनवर झुकून ऐकण्याचं नाटक करत होता, तिला हवा तेवढा वेळ.

आता गाडी रनिंगवर होती. नव्याने बांधलेलं इंजिन आधी हळू चालवून बसू द्यायचं असतं. चाळीसच्या पुढे नाही, आणि होता होईल तो एकाच माणसाच्या हाताने. "हात तुमचा," अश्वजितने ठरवलं. "मी बाजूला बसून ऐकतो." काय ऐकतो, ते त्याने सांगितलं नाही.

मग समुद्रपूर ते गिरड, गिरड ते समुद्रपूर. कडेचे पळस फुलले होते. एसटी पुढे जायची, ट्रॅक्टर पुढे जायचे, एकदा तर डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली नवऱ्याच्या मोपेडवरून हसत पुढे गेली. पौर्णिमाचा पाय जड झाला की तो नुसतं म्हणायचा, "चाळीस..." आणि ती पाय उचलायची. इतक्या हळू चालणाऱ्या गाडीत माणसाला बोलावं लागतं. तो गेलेल्या आईबद्दल बोलला. ती बाबांबद्दल बोलली — पहिल्यांदाच, रस्त्यावरची नजर न हलवता. त्याने सांत्वन केलं नाही. खिडकीची काच वर केली फक्त, कारण वारा तिच्या डोळ्यांत जात होता.

अशाच एका शनिवारी ती घरी पोचली तर आचल अंगणात आईपाशी बसलेली. गाडी घेत नाही, असं सांगायला आली होती. अश्व्या म्हणतो, इंजिन काही टिकायचं नाही. जुना ब्लॉक, वर्षभरात पुन्हा खोलावं लागेल.

पौर्णिमा तशीच गॅरेजवर गेली. जीप सुरू करून ती म्हणाली, "बसा," आणि तो बसला. ती गिरडच्या रस्त्याला लागली. काटा पन्नासच्या वर गेला. त्याने चाळीस म्हटलं नाही.

"माझ्या बाबांचं इंजिन टिकणार नाही, हे मला काऊन नाई सांगतलं?" रागात तिची भाषा गावाची झाली होती. "आचलले सांगता. मले नाई सांगत."

"गाडी बाजूला घ्या."

"नाई घेत."

तो समोर पाहत म्हणाला, "खोटं सांगतलं मी तिले. असं इंजिन मी आजपर्यंत बांधलं नाई. दहा वर्ष कोनी हात लावू नये असं हाये ते." तो थांबला. "माह्याच तोंडानं माह्याच कामाची बदनामी केली. काऊन, ते इचारू नका..."

"विचारते."

"गाडी गेली असती तर शनिवारी काऊन आली असती तू?"

'तू' त्याच्या तोंडून निसटलं होतं. निसटल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. पौर्णिमाने गाडी बाजूला घेतली. पळसाखाली. इंजिन चालूच ठेवलं. स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिने दोघांच्या मधे ठेवला, आणि त्यावर त्याचा हात आला — हळू, रिंग बसवावी तसा.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उद्या आचलला खरं सांगायचं."

"मंग ती गाडी मागन."

"मागू दे. मी नाही म्हणेन."

"काऊन?"

"तिला दिली, की जरा काही वाजलं तरी घेऊन येईल तुझ्याकडे. मग तू तिच्या गाडीखाली, आणि ती वर उभी राहून अश्व्या अश्व्या..." पुढे तिला बोलवेना, कारण तो हसत होता. खळी पडली होती. "हसू नको. तिला दुसरी गाडी शोधून दे. चांगली."

"देतो. जुनी भेटन, इंजिन बांधावं लागन."

"बांध ना," पौर्णिमा गिअर टाकत म्हणाली. "जीव ओतून बांध. इतकं पक्कं, की आयुष्यात पुन्हा तिला तुझ्या दारात यायची गरज पडू नये."