पाचवा दगड

सहासष्ट साली तारापूरला अणूतून वीज निघायची होती आणि कुंभवलीला विहिरीतून पाणी. दोन्ही कामं जोरात होती. विहीर बघायला मात्र पाहुणे येत नसत.

विहिरीच्या काठावर कॉम्प्रेसर उभा होता. डिझेल पिऊन हवा दाबायची आणि तळाशी खडक फोडणाऱ्यांना नळीतून पुरवायची, एवढंच त्याचं काम. तो साताऱ्याचा नरहरी चालवायचा. डिप्लोमा झालेला असल्यामुळे त्याचा कशावरच विश्वास नव्हता.

कामाची एक रीत होती. उतरणाऱ्यानं कॉम्प्रेसरच्या टपावर दगड ठेवायचा, वर आल्यावर उचलायचा. टप रिकामा दिसल्याशिवाय मुकादम पंढरी सुरुंग उडवत नसे.

त्या दुपारी सुरुंग भरून चौघे गडी वर आले. चौघांनी आपापला दगड उचलला. टपावर एक उरला.

"आमी चार, न् दगड पाच," त्यांतला भिका म्हणाला. "सायेब, तुमचा हाय?"

"मी कधी उतरलोय?"

"मंग कुणाचा?"

"कोंबडीनं घातला असेल." नरहरीनं दगड खिशात टाकला.

भिका हसला नाही. चौघे लांब बांधाआड गेले. पंढरी आधीच रस्ता अडवायला गेला होता.

नरहरीनं यंत्र बंद केलं. दाबाचा काटा खाली आला. मग पुन्हा वर चढला.

खाली. वर. खाली. वर.

गळती शोधायला त्यानं नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. नळी वर ओढायला घेतली, तर ती ताठली आणि हळूच खाली ओढली गेली.

"कोण आहे रे खाली?"

तो काठावरून वाकला; तळ दिसत नव्हता. चौघे वर आलेले त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. पण पाचवा असला तर? आता पंढरी येईल, सुरुंग उडवील.

तो शिडीनं उतरला.

तळाशी कुणी नव्हतं. नळीचं तोंड खडकावर मोकळं पडून फुसफुसत होतं. आत, बाहेर. त्यानं नळीपुढं हात धरला. हवा कोमट होती.

नरहरीला धाप लागली होती. त्यानं श्वास रोखला.

फुसफुस थांबली.

सोडला. पुन्हा सुरू.

वर पावलं वाजली.

"नरहरी कुठं गेले?" पंढरीचा आवाज.

"मशीन बंद हाय, गेले आसतील लांब कुठंतरी," कुणीतरी लांबून ओरडलं.

"बरं. टप रिकामा हाय."

नरहरीनं ओरडायला तोंड उघडलं. नळीनं त्याचा आवाज आत ओढून घेतला.

वर सुरुंगाची शिट्टी वाजली. खिशातला दगड मांडीला गरम लागत होता.